नळावरचे क्षार आणि काळवंडलेला धातू साफ करताना

नळ अस्वच्छ दिसतो तेव्हा त्याला दोनपैकी एक गोष्ट झालेली असते आणि त्या दोन गोष्टी एकमेकींपासून इतक्या वेगळ्या आहेत की, फडके हातात घेण्याआधीच आपल्यासमोर कोणती आहे हे ठरवावे लागते. पहिली गोष्ट म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा पांढरा, खरखरीत थर. तो बाहेरून येऊन धातूवर बसलेला असतो, त्यामुळे तो नीट काढला तर खालच्या धातूचे काहीही जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे धातूचा काळपटपणा किंवा हिरवटपणा. येथे धातूचाच वरचा पापुद्रा हवा, ओल आणि हाताचा घाम यांच्याशी संयोग पावून बदललेला असतो, आणि तो काढायचा म्हणजे दर वेळी थोडा धातूही काढून टाकायचा. पहिल्या दुखण्यावर घासण्याचा इलाज केला किंवा दुसऱ्यावर रात्रभर आम्ल लावून ठेवले की नळाची कळा जाते ती कायमची. माझ्या पाहण्यात जे नळ अकाली विद्रूप झाले, त्यांतल्या बहुतेकांना पाण्याने फारसे काही केले नव्हते; त्यांना साफ करणाऱ्यांनी बिघडवले होते.

थर का बसतो हे समजले की तो काढण्याची रीत आपोआप सुचते. जमिनीत मुरणारे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेऊन जाते, वाटेतल्या खडकांतला चुना विरघळवते आणि कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटच्या रूपात तो आपल्या नळापर्यंत आणते. नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब सुकू लागला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याची वाफ होते आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरते. असे हजारो थेंब एकावर एक सुकले म्हणजे तो पांढरा थर तयार होतो. गरम पाण्यात ही क्रिया अधिक वेगाने होते, म्हणून एकाच बेसिनवर गरम आणि थंड पाण्याचे वेगळे नळ असतील तर गरम नळाचे तोंड आधी पांढरे होते. पाण्याचा जडपणा लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट या हिशेबाने मोजतात. ६० पर्यंतचे पाणी मृदू आणि १८० च्या वरचे अतिशय जड समजले जाते. जड पाण्याच्या घरात आठवड्याभरात जेवढे पांढरे दिसते, तेवढे मृदू पाण्याच्या घरात काही महिन्यांतही दिसत नाही, तेव्हा शेजाऱ्याच्या नळाकडे पाहून स्वतःच्या टापटिपीबद्दल मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

कॅल्शियम कार्बोनेट हाच संगमरवराचाही मुख्य घटक आहे. म्हणजे नळावरचा थर जे विरघळवते ते संगमरवरी बेसिनही विरघळवते, आणि फरशांच्या सांध्यांत भरलेल्या सिमेंटलाही ते मानवत नाही. हे वाक्य पुढचे सारे वाचताना लक्षात असू द्यावे.

नळ कशाचा आहे ते आधी पाहावे

घरातले बहुतेक चकचकीत नळ आतून पितळेचे असतात. पितळेवर निकेलचा थर आणि त्याच्यावर क्रोमियमचा अतिशय पातळ मुलामा दिलेला असतो. हा मुलामा किती पातळ असतो याची कल्पना सहसा नसते. शोभेच्या क्रोमची जाडी साधारणतः अर्ध्या मायक्रॉनच्याही आत असते, आणि माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. क्रोम अतिशय कठीण असल्यामुळे त्याच्यावर सहजी ओरखडा उठत नाही, पण एकदा तो कुठे फुटला किंवा झिजला की खालचा पिवळसर झाक असलेला निकेल दिसू लागतो आणि त्यानंतर पितळ. क्रोम स्वतः काळवंडत नाही. क्रोमचा नळ काळपट दिसत असेल तर एकतर त्याच्यावर साबण आणि क्षार यांचे पुट बसले आहे किंवा मुलामाच गेला आहे. पहिल्यावर उपाय आहे. दुसऱ्यावर कोणत्याही पावडरीचा इलाज नाही.

स्टेनलेस स्टीलचे नळ बहुधा मंद चमकेचे असतात आणि त्यांच्या अंगावर एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा दिसतात. मॅट काळे, तांबूस किंवा सोनेरी रंगाचे आधुनिक नळ हा तिसरा वर्ग. त्यांच्यावरचा रंग म्हणजे कधी भट्टीत भाजलेली पावडर असते, कधी निर्वातात चढवलेला धातूचा थर, तर कधी साधा मुलामा. डोळ्यांनी फरक कळत नसल्यामुळे त्या सर्वांना सारखेच नाजूक समजणे शहाणपणाचे.

उघड्या पितळेचा नळ ओळखणे थोडे अवघड असते, कारण पुष्कळदा पितळेवर कारखान्यातच पारदर्शक लॅकर, म्हणजे वार्निशसारखे संरक्षक आवरण, चढवलेले असते. लॅकर आहे की नाही हे तपासण्यासाठी नळाच्या मागच्या बाजूला, जेथे नजर जात नाही अशा जागी, मऊ फडक्यावर धातूचे पॉलिश थोडेसे घेऊन हलके चोळावे. फडके काळे झाले तर पितळ उघडे आहे. पांढरेच राहिले तर वर लॅकर आहे आणि आपण आता चोळणे थांबवावे. शंका असेल तर लोहचुंबक लावून पाहावा. पितळेला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे पिवळा दिसणारा नळ चुंबक घट्ट धरत असेल तर आतला धातू लोखंडी आहे आणि पिवळेपणा वरवरचा आहे, असे समजावे.

साबण आधी, आम्ल नंतर

पहिली पायरी सर्व नळांसाठी एकच आहे आणि तिला बगल देणारेच पुढे तक्रार करतात की व्हिनेगर काही काम करत नाही. न्हाणीघरातल्या नळावर नुसते क्षार नसतात. साबण आणि जड पाण्यातले कॅल्शियम यांच्या संयोगातून तयार झालेला चिकट साकाही असतो, आणि स्वयंपाकघरातल्या नळावर तेलकट पुट असते. या तेलकट आवरणातून आम्ल थरापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब कोमट पाण्यात मिसळून, मऊ फडक्याने नळ वरपासून खालपर्यंत, मुठीच्या खालचा भाग आणि बुडाची कड धरून धुऊन घ्यावा. बेसिनला नळ जेथे टेकतो त्या खाचेत जुना दात घासायचा ब्रश फिरवावा. तेथून निघणारा काळा किंवा गुलाबी बुळबुळीतपणा हा बुरशीचा आणि जिवाणूंचा असतो, आणि तो साबणानेच जातो. सगळे स्वच्छ पाण्याने धुऊन पुसून कोरडे केले की जे उरते तो खरा थर.

या टप्प्यावर किती तरी नळ साफ झालेले आढळतात. तसे झाले असेल तर पुढचे काही करू नये.

क्रोमच्या नळावरचा थर

थर विरघळवण्यासाठी सौम्य आम्ल पुरते. बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बहुधा ४ ते ५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असते, लिंबाच्या रसात ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असते, आणि सायट्रिक अ‍ॅसिडची पूड मिळत असेल तर पाव लिटर पाण्यात एक सपाट मोठा चमचा टाकून साधारण त्याच ताकदीचे द्रावण घरीच होते. तिन्ही कामाचे आहेत. माझी पसंती पुडीला आहे, कारण तिला वास नाही आणि जेवढे हवे तेवढेच द्रावण करता येते. मात्र पाणी कोमटच असावे. द्रावण फार गरम आणि दाट केले तर सायट्रिक आम्ल आणि कॅल्शियम यांच्यापासून न विरघळणारे कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन एका पांढऱ्या थराच्या जागी दुसरा पांढरा थर बसू शकतो.

रंगीत व्हिनेगर टाळावे. हातात रबरी मोजे घालावेत, खिडकी उघडावी आणि बेसिन संगमरवरी किंवा इतर चुनखडीच्या दगडाचे असेल तर नळाच्या बुडाभोवती प्लॅस्टिक अंथरून त्याच्यावर ओला, पिळलेला टॉवेल गुंडाळावा. अशा बेसिनवर द्रावणाचा थेंब पडलाच तर तो लगेच भरपूर पाण्याने धुवावा, कारण काही मिनिटांतच त्या जागी दगडाची झिलई जाऊन मंद डाग उरतो.

आता टिश्यू कागद किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या द्रावणात बुडवून, टपटप थेंब पडणार नाहीत इतपत पिळून, थर असलेल्या भागाभोवती घट्ट लपेटाव्यात. पट्टी आणि धातू यांच्यामध्ये हवेची पोकळी राहिली तर तेवढा भाग जसाच्या तसा राहतो, म्हणून बोटांनी दाबून पट्टी अंगाला चिकटवावी. नळाच्या तोंडाला मात्र पट्टीपेक्षा लहान पिशवी बरी पडते: प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडे द्रावण घ्यावे, नळाचे तोंड त्यात बुडेल अशा रीतीने ती वर चढवावी आणि रबर लावून बांधावी. पिशवी बांधताना नळ घट्ट बंद असावा आणि घरातल्या इतरांना तसे सांगून ठेवावे. कोणी सवयीने नळ सोडला तर आम्लाचे पाणी थेट त्याच्या अंगावर येते.

शांत घरात कान जवळ नेला तर पट्टीखालून बारीक सरसर ऐकू येते. तो थरातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड असतो. दहा-पंधरा मिनिटांनी पट्टीचे एक टोक उचलून पाहावे. आधी दगडासारखी कडक असलेली पांढरी कड आता करडी आणि ओल्या गिलाव्यासारखी भुसभुशीत झालेली दिसते आणि अंगठा फिरवला की बारीक रेतीसारखी हाताला लागते. ती एवढी सुटत असेल तर पट्टी काढून मऊ ब्रशने घासावे आणि धुवावे. सुटत नसेल तर ताज्या द्रावणात पट्टी पुन्हा बुडवून आणखी पंधरा मिनिटे ठेवावी. क्रोमवर एका वेळी अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ नये. थर जाड असेल तर एकदाच तीन तास ठेवण्याऐवजी मध्ये धुऊन, पुसून, अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन-तीन खेपा कराव्यात. याचे कारण असे की पट्टीतले आम्ल थराशी झुंजता झुंजता संपत जाते, त्यामुळे जुनी पट्टी तशीच ठेवून फारसा लाभ नसतो. उलट जेथे थर आधीच निघून गेला आहे तेथे मुलाम्यातल्या सूक्ष्म भेगांमधून आम्ल खालच्या धातूपर्यंत जात राहते.

हे मी अनुभवाने शिकलो. स्वयंपाकघरातल्या एका जुन्या नळाला रात्री व्हिनेगरची पट्टी बांधली आणि सकाळी काढू म्हणून झोपलो. सकाळी थर पूर्ण गेला होता, पण वाकणाच्या आतल्या बाजूला नखाएवढा ठिपका मंद, दुधाळ झाला होता आणि काही आठवड्यांतच तेथून मुलाम्याचा पापुद्रा सुटून पिवळे पितळ दिसू लागले. मुलामा तेथे आधीपासून कच्चा असणार हे खरे. पण अर्ध्या तासात पट्टी काढली असती तर तो नळ आणखी काही वर्षे सहज दिसायला चांगला राहिला असता.

पट्टी काढल्यावर नळ भरपूर पाण्याने धुवावा. त्यानंतर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून ते पाणी फडक्याने एकदा फिरवले तर खाचांत राहिलेले आम्ल निष्प्रभ होते. सोड्याचा उपयोग तेवढाच. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून नळावर ओतण्याचा जो प्रकार फार लोकप्रिय आहे, त्यात फेस भरपूर येतो पण दोघेही एकमेकांना संपवतात आणि उरते ते जवळजवळ खारट पाणी. थराला त्याने काहीही होत नाही.

आम्लाने हलत नाही असा थरही क्वचित आढळतो. पाण्यात सिलिका असेल तर काचेसारखे, धुरकट पुट तयार होते आणि ते या सौम्य आम्लांत विरघळत नाही. खेपा करूनही ते तसेच राहिले तर लाकडी काडीचे किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाचे टोक थराच्या कडेला लावून हळूहळू सुटते का ते पाहावे. चाकू, ब्लेड किंवा स्क्रूड्रायव्हर लावू नये. तपकिरी डाग मात्र लोहाचे असतात आणि त्यांना व्हिनेगरपेक्षा सायट्रिक आम्ल अधिक लवकर उचलते.

नळाच्या तोंडाची जाळी

बाहेरून नळ लखलखीत झाला आणि धार मात्र वाकडी, फाटकी किंवा बारीक येत असेल तर दोष जाळीत आहे. पुष्कळ नळांच्या तोंडाशी एक आटे असलेली कडी असते आणि तिच्यात जाळीचा लहानसा भाग बसवलेला असतो. तो पाण्यात हवा मिसळून धार मऊ करतो. वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही अशी ही नळाची एकमेव जागा असावी, आणि म्हणूनच तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

आधी बेसिनचे भोक बुचाने किंवा फडक्याने बंद करावे, कारण आतल्या चकत्या इतक्या लहान असतात की हातातून सुटलेली चकती पाइपातून परत येत नाही. खालून नळाच्या तोंडाकडे पाहत कडी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावी. हाताने फिरत नसेल तर तिच्याभोवती जाडसर रबराची पट्टी किंवा कापड गुंडाळून मगच पक्कड लावावी. उघड्या पकडीचे दात क्रोमवर जे वण उठवतात ते कशानेच जात नाहीत. तरीही हलत नसेल तर आट्यांमध्ये क्षार अडकलेले असतात, अशा वेळी जोर न लावता वर सांगितल्याप्रमाणे पिशवी बांधून अर्धा तास थांबावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. काही नळांत जाळी आतच दडवलेली असते आणि ती काढायला नळासोबत मिळालेली प्लॅस्टिकची छोटी किल्ली लागते. ती नसेल तर चिमटा घालून उचकटण्याच्या फंदात पडू नये.

कडी निघाल्यावर आतून सहसा रबरी वॉशर, प्लॅस्टिकची भोके असलेली चकती आणि एक किंवा दोन बारीक जाळ्या अशा क्रमाने भाग निघतात. प्रत्येक भाग काढल्याबरोबर तो कोणत्या बाजूने होता हे पाहून कोरड्या फडक्यावर ओळीने मांडावा किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. जाळीच्या वरच्या अंगाला जे सापडते ते पाहण्यासारखे असते: वाळूचे दोन-चार दाणे, गंजाच्या पातळ खपल्या, पाइप जोडताना वापरलेल्या टेफ्लॉन टेपचा दोरा आणि या सगळ्यांना एकत्र चिकटवून ठेवणारा क्षार. रबरी वॉशर बाजूला ठेवून बाकीचे भाग वाटीभर द्रावणात अर्धा तास बुडवावेत, मग ब्रशने घासावेत आणि उजेडाकडे धरून पाहावे. बंद राहिलेली भोके टाचणीने मोकळी करावीत, पण तारेची जाळी टाचणीने ताणू नये. भाग बाहेर असतानाच बेसिनचे बूच काढून नळ काही सेकंद पूर्ण सोडावा, म्हणजे पाइपात अडकलेली रेती आता निघून जाईल आणि नव्याने साफ केलेल्या जाळीत पुन्हा बसणार नाही. भाग त्याच क्रमाने बसवून कडी फक्त हाताने आवळावी. कडेने पाणी झिरपत असेल तर वॉशर उलटा बसला आहे किंवा कडक झाला आहे. त्यावर अधिक आवळणे हा उपाय नाही, वॉशर बदलावा.

शॉवरची जाळीही याच रीतीने, पिशवी बांधून साफ होते. तिच्यावर मऊ सिलिकॉनची बोंडे असतील तर पुष्कळदा अंगठ्याने चोळूनच क्षार तुटून पडतात.

पितळ, स्टील आणि रंगीत नळ

लॅकर असलेल्या पितळेला कोमट साबणपाणी आणि मऊ फडके, एवढेच द्यावे. लॅकर कुठे तडकले असेल तर तेथून ओल आत जाऊन ठिपक्यांसारखे किंवा किड्याच्या वाटेसारखे काळे डाग पडतात. ते वरून कितीही चोळले तरी जात नाहीत, कारण ते लॅकरच्या खाली असतात. एकतर ते तसेच राहू द्यावेत किंवा सारे लॅकर उतरवून पितळ उघडे करावे आणि मग उघड्या पितळेची निगा पत्करावी.

उघड्या पितळेसाठी समभाग पीठ आणि व्हिनेगर यांच्या लापशीत चमचाभर मीठ घालून ती नळावर जाडसर लावावी. पीठ फक्त द्रावण जागच्या जागी धरून ठेवते. काम करतात ते आम्ल आणि मिठातले क्लोराइड. दहा मिनिटांत काळपटपणा सुटू लागतो. पंधरा मिनिटांच्या पुढे लापशी ठेवू नये आणि काढल्यावर खाचांतूनही मीठ पूर्ण धुऊन काढावे, नाहीतर आठवड्याभरात त्याच खाचा हिरव्या होतात. आम्लाने साफ केलेले पितळ कधी कधी गुलाबीसर दिसते. पितळ हा तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू असल्यामुळे आम्ल जस्ताला आधी ओढते आणि पृष्ठभागावर तांबे उघडे पडते. धातूच्या पॉलिशने हलके चोळले की ही गुलाबी झाक जाते, पण ती दिसली म्हणजे आपण लापशी जास्त वेळ ठेवली एवढे समजून घ्यावे. पॉलिश वाटाण्याएवढे घ्यावे, कोरड्या सुती कापडाने चोळावे, काळे निघेल तेवढे निघू द्यावे आणि स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावे. नक्षी असेल तर तिच्या खाचांतला काळेपणा मुद्दाम राहू द्यावा असे माझे मत आहे. त्यानेच नक्षी उठून दिसते, आणि तो काढण्याच्या नादात उंचवटे मात्र झिजतात.

काच पुसण्याच्या काही द्रवांमध्ये अमोनिया असतो. ते पितळेला लावू नयेत. ब्रिटिशांच्या लष्कराने भारतात पितळेची काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवली असता पावसाळ्यात ती आपोआप तडकत असत. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला: घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया ओलाव्यात मिसळून, घडवताना ताण राहिलेल्या पितळेला भेगा पाडत होता. एकदा पुसल्याने नळ तडकेल असे नाही, पण रोजच्या वापरासाठी तो द्रव निवडण्याचे काही कारणही नाही.

स्टेनलेस स्टीलला व्हिनेगर चालते. मीठ आणि ब्लीच मात्र चालत नाही, कारण क्लोराइडमुळे त्याच्या संरक्षक थराला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. फडके नेहमी अंगावरच्या रेघांच्या दिशेने फिरवावे. मॅट काळ्या आणि सोनेरी नळांवर साबणपाणी हेच मुख्य साधन. थर बसलाच असेल तर अर्धे पाणी घातलेले व्हिनेगर फडक्यावर घेऊन आधी मागच्या बाजूला एका जागी लावून पाहावे, रंग फडक्यावर उतरत नसेल तरच पुढे लावावे आणि दोन-तीन मिनिटांत धुवावे. निर्मात्याच्या पत्रकात आम्लाला मनाई लिहिली असेल तर तीच अंतिम समजावी. प्लॅस्टिकच्या नळांना सौम्य आम्लाचे भय नाही, पण घासण्याच्या पावडरीने त्यांची झिलई जाते आणि मग त्या ओरखड्यांतच मळ धरतो.

जे नळाजवळही नेऊ नये

शौचकूप धुण्याच्या अनेक द्रवांमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते थर क्षणात घालवते हे खरे, पण क्रोमही त्याच आम्लात विरघळते, आणि पहिल्या वापरात नळ चमकला म्हणून दुसऱ्यांदा वापरणाऱ्याला त्याची किंमत कळते. इतकेच नव्हे, बंद न्हाणीघरात हे द्रव शौचकूपात ओतून ठेवले तर त्याची वाफही नळांना मंद करते. म्हणून ते वापरताना खिडकी उघडी आणि नंतर नळ पुसलेले असावेत. ब्लीच आणि कोणतेही आम्ल, मग ते व्हिनेगर असले तरी, कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यांतून क्लोरीन वायू सुटतो आणि तो लहान खोलीत फुप्फुसांना गंभीर इजा करतो. आदल्या दिवशी बेसिन ब्लीचने धुतले असेल तर आम्ल लावण्याआधी ते भरपूर पाण्याने धुऊन घ्यावे. तारेच्या घासणीचे बारीक कण धातूत रुततात आणि तेच पुढे गंजून नळालाच गंज चढल्यासारखे दिसतात. हिरव्या खरखरीत घासणीने क्रोमवर जाळे उठते.

टूथपेस्टने नळ चमकतो असे सांगितले जाते, आणि चमकतो हेही खोटे नाही. तिच्यात बारीक अपघर्षक कण असतात. हलके धुरकट पुट घालवायला वर्षातून एखाद-दोन वेळा, पांढरी आणि दाणे नसलेली पेस्ट क्रोमवर चालेल. काळ्या किंवा सोनेरी नळावर मुळीच नाही.

साफ केलेला नळ तसाच राहावा म्हणून

थर बसतो तो थेंब सुकल्यामुळे, तेव्हा थेंबच राहू दिला नाही तर थराला जागा नाही. बेसिनजवळ एक कोरडे फडके टांगावे आणि रात्री शेवटी जो नळ वापरेल त्याने तो पुसावा; यास दहा सेकंदही लागत नाहीत. क्रोम आणि उघडे पितळ या दोन्हींवर पूर्ण कोरडे झाल्यानंतर पारदर्शक मेणाचा अतिशय पातळ हात देऊन पाच मिनिटांनी तो पुसून काढला तर पाणी अंगाला न चिकटता ओघळून जाते. हे एक-दोन महिने टिकते. पिण्याच्या पाण्याच्या नळाच्या तोंडाशी मात्र मेण लावू नये. पाणी फारच जड असेल तर पाणी मृदू करणारे यंत्र हा मूळचा उपाय आहे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या जागी सोडियम येते आणि थर जवळजवळ बसतच नाही.

बंद नळ ठिबकत असेल तर मात्र पुसून काही होत नाही, कारण तेथे थेंब रात्रभर तयार होतच असतात. मुठीच्या खाली किंवा बुडाशी हिरवी, कोरडी कड दिसली तर ती केवळ मळ समजू नये. पितळेला सतत ओल लागल्याची ती खूण असते, आणि ती साफ केल्यावर तेथून पाणी झिरपते का हे पाहावेच लागते. त्यासाठी नळ पूर्ण कोरडा करून सांध्याभोवती रात्री टिश्यू कागदाची सुकी पट्टी गुंडाळून ठेवावी. सकाळी नळ सोडण्यापूर्वी कागद हातात घेऊन पाहावा. तो कोरडा असला तर हिरवेपणा जुन्या शिंतोड्यांचा होता, आणि ओला असला तर मुख्य कॉक बंद करून आतला वॉशर किंवा कार्ट्रिज (नळातला पाणी सोडणारा-अडवणारा सुटा भाग) बदलून घ्यावे.